शेठाणीला कोणी मारलं?

धनकुंवरबाई जिना चढून आल्या तेव्हा शिल्पा सुरवाडे एका स्थळाची चौकशी लिहीत होती. जळगावात खाजगी गुप्तहेराचं पोट अशाच कामांवर भरतं.

"माझ्या शेठाणीला कोणी मारलं ते शोध, बेटा," म्हातारी म्हणाली. "सगळे उखर्डूचं नाव घेतात. आज संध्याकाळी त्याची गाडी उठवणार आहेत. त्यानं मारलं नसेल तर गरिबाच्या पोटावर पाय नको."

शेठाणी ही त्यांची मांजर. डाळबाजारात ती दुकानोदुकानी हिंडायची, गादीवर बसायची, आणि ती येऊन गेल्याशिवाय निम्मे व्यापारी बोहनी करायचे नाहीत. तिच्या वाढदिवसाचा बॅनर नगरसेवकाच्या बॅनरपेक्षा मोठा होता. परवा ती उखर्डूच्या आम्लेटच्या गाडीखाली मेलेली सापडली.

"गाडीखाली मेली म्हणजे गाडीवाल्यानंच मारली," भाईदास वाटेत म्हणाला. शिल्पाचा हा मदतनीस पोलिसातून निवृत्त झालेला. त्याला सगळंच सरळ दिसायचं, म्हणून तो शेवटपर्यंत हवालदारच राहिला.

उखर्डू गाडीला टेकून बसला होता. "ताई, मी तिले रोज अंडानं पिवळं देऊ. तिले काबर मारसू? शेवटला दिन तिनी काही खादं नही, निस्तं पाणी पी राहिंती."

"त्याच्या आधी काही वेगळं दिसलं?"

"एक उंदीर भर दुपारले रस्तावर डुलत चालना. पळेच ना. शेठाणीनी सहज धरा."

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हिरड्या पांढऱ्याफटक होत्या आणि पोटात रक्त साचलं होतं. असं विष लगेच मारत नाही, दोन-चार दिवस घेतं.

मग दोघं धनकुंवरबाईंच्या डाळमिलमध्ये गेले. नातू अनुजनं गोदाम दाखवलं. बरीच पोती कुरतडलेली होती.

"यंदा उंदीर फार झालेत," तो म्हणाला. "आमच्यात जीव मारत नाहीत. करणार काय?"

कोपऱ्यात निळा चुरा पडला होता. "पोत्यांवर खुणा करायचा खडू," भाईदासनं परस्पर ठरवून टाकलं. पोत्यांवरच्या सगळ्या खुणा काळ्या रंगाच्या होत्या. शिल्पानं तेवढं पाहून ठेवलं.

वर घरात धनकुंवरबाईंनी कौतुकानं मांजरीचा फोटो दाखवला. "पर्युषणात मी तिला हे घुंगरू बांधलं. उंदरांना आधीच ऐकू जातं, ते पळतात. तेव्हापासून तिच्याकडून एकही हिंसा झाली नाही."

आजींना खरं सांगणं शिल्पाच्या जिवावर आलं. पण संध्याकाळ जवळ आली होती. तिनं अनुजला वर बोलावलं.

"आजी, उखर्डूनं काही केलं नाही. विष दोन-चार दिवस आधी पोटात गेलं होतं. म्हणून शेवटी तिला भूक नव्हती, नुसती तहान होती. घुंगरू बांधल्यापासून तिला धडधाकट उंदीर सापडत नव्हता. सापडला तो भर दुपारी डुलणारा, म्हणजे आधीच विष खाल्लेला."

"विष कुठून आलं?" भाईदासनं विचारलं.

"तुमचा तो खडू, भाईदासभाऊ. उंदराच्या औषधाच्या वड्या निळ्या असतात. मांजर उंदीर धरेना, उंदीर वाढले, पोती फाटू लागली. अनुजभाऊ, आजींपासून लपवून ठेवलंत ना?"

अनुजनं मान खाली घातली. "मालाचा सत्यानाश होत होता."

 "सुरुवात माझ्यापासून झाली," धनकुंवरबाई म्हणाल्या आणि चपला न घालताच खाली उतरल्या. अनुज मागेच राहिला.

चौकात व्यापारी जमले होते. म्हातारीनं हात जोडून सगळं सांगितलं, घुंगरू, उंदीर, मिलमधलं विष. लोक शांतपणे ऐकत होते.

"आजींचं मन किती मोठं बघा," एक जण म्हणाला. "मांजर गेली तरी दुसऱ्याचं पाप अंगावर घेतात."

"मिलमध्ये विष? यांच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात," दुसरा म्हणाला.

शिल्पा पुढे झाली. "त्या खरं बोलतायत. गोदामात चला, दाखवते."

चार जण गेले आणि परत आले. गोदाम लख्ख झाडलेलं होतं. शिल्पानं अनुजकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता.

"मॅडम, तुम्ही आपली स्थळं बघा," कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

धनकुंवरबाईंनी हात सोडले नाहीत. त्या एकेकापुढे जाऊन तेच सांगत होत्या, आणि जो तो त्यांच्या पाया पडत होता.

उखर्डूनं स्टोव्ह विझवला, अंड्यांचे ट्रे दोरीनं बांधले. जाण्याआधी तोही म्हातारीपुढे वाकला. त्याचे डोळे भरले होते.

"आजी," तो म्हणाला, "मना गाडीकरता एवढं खोटं बोलन्यात तुम्ही. जन्मभर इसरावू नही."

धनकुंवरबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "खरं आहे रे ते, उखर्डू. खरं आहे."

त्यानं मान हलवली, हळूच हात सोडवला आणि गाडी ढकलू लागला.