खाचेपर्यंतचं माप

उधन्याहून चौकाकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये त्या सकाळी एकच जागा रिकामी होती. ती रिकामी का, हे निशाला बसल्यावर कळलं. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर एक लांबट लाकडी फळी होती. फळीवर सेंटीमीटरच्या खुणा होत्या, आणि माशाचा वास लाकडात पार मुरला होता.

"उठायचं असेल तर उठा," तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला. "परवापासून तीन जण उठलेत."

"चौकापर्यंतचं तिकीट काढलंय मी. उभी कशाला राहू?"

"मग नाक धरून बसणार?"

"तुमच्याशी बोलण्यापेक्षा ते बरं."

तो हसला. निशाने नाक धरलं नाही, ओढणीचं टोक मात्र हळूच वर नेलं... ते त्याने पाहिलं आणि फळी खिडकीच्या बाजूला सरकवली.

त्याच दिवशी, ४ मार्च १९९६ला, दुपारी चारच्या सुमारास ती फळी मक्काई पुलाजवळच्या होडीमालकांच्या मंडळीत, म्हणजे सहकारी संस्थेच्या कचेरीत, निशाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही?" दोघंही एकदम म्हणाले.

त्याचं नाव लोकेश. कुपा मोजायला मंडळीने त्याला हंगामापुरतं ठेवलं होतं. कुपा म्हणजे ट्यूना. गेली दोन वर्षं तो आधी येई त्यापेक्षा कमी येत होता, म्हणून मंडळीने नियम केला होता : हंगामात सगळ्या होड्यांनी मिळून ऐंशी टन कुपा धरायचा, त्यापुढे जाळी वर. आणि त्याआधीच शंभरातले निम्म्याहून जास्त मासे चाळीस सेंटीमीटरच्या आत निघू लागले, तर ती पिल्लं आहेत असं समजून त्याच दिवशी बंदी. लोकेश रोज हजीऱ्याकडच्या धक्क्यावर शंभर मासे मोजायचा, प्रत्येकाची लांबी आणि वजन लिहायचा आणि चारला कागद आणून द्यायचा. निशा ते टाइप करायची. हंगाम जूनपर्यंत नीट पार पडला, तर सरकारी खात्यातल्या कायम जागेसाठी मंडळी त्याची शिफारस करणार होती.

मंडळीत सगळे एकमेकांना भाई नाहीतर बेन, म्हणजे बहीण, म्हणत. निशाही त्याला लोकेशभाईच म्हणायची. तो मात्र झाडणाऱ्या बाईंना कुसुमबेन म्हणे, हिशेबनीसांना मंगलाबेन म्हणे आणि निशाच्या टेबलाशी आला की नुसतं "हे घ्या" म्हणे.

"माझं नाव विसरता का रोज?" एकदा तिने विचारलं.

"नाव लक्षात आहे."

"मग सगळ्यांसारखं म्हणत का नाही?"

"सगळ्यांना म्हणतो तेवढं पुरे झालं की," असं म्हणून त्याने कान चोळला आणि पाण्याच्या माठाकडे निघून गेला.

एप्रिल उजाडला. चारला पाच मिनिटं कमी असतानाच निशाची बोटं टाइपरायटरवर मंद व्हायची. घरी आई, शकूबाई, तिचा हात धरून हुंगायची. "काय वं निशे, तुह्या हाताले माशाचा वास येऊन राह्यला! टाइप करते का मासे साफ करते?" निशा साबणाने हात धुवायची, आणि धुताना तिला उगीच वाईट वाटायचं.

अठरा एप्रिलला जुन्या फायली लावताना गेल्या वर्षीचे कागद तिच्या हाती लागले. ते सुकदेवकाकांचे. लोकेशच्या आधी मासे तेच मोजायचे, आणि गेला हंगाम संपल्यावर निवृत्त झाले होते. सहज तिने दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवले. गेल्या वर्षी बेचाळीस सेंटीमीटरचा कुपा साडेअकराशे ग्रॅम भरत होता. यंदा तेवढाच लांब मासा साडेआठशे. एक नाही, दोन नाही, सगळेच.

चारला लोकेश आला.

"यंदाचे कुपे उपास करतात का हो?" तिने हसत विचारलं.

"का? माझ्यासारखे दिसतात?"

तिने कागद पुढे केले. तो वाचत गेला आणि त्याचं हसू ओसरलं.

"तुम्ही मोजता कसं? दाखवा बरं," ती म्हणाली.

त्याने फळी टेबलावर ठेवली, निशाची पट्टी मासा म्हणून आडवी केली. "तोंड इथे टेकवायचं. आणि शेपटीच्या टोकापर्यंत..."

निशाने सुकदेवकाकांच्या कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने काढलेला छोटासा मासा होता. त्याच्या शेपटीला मधे खाच होती, आणि मापाची रेघ त्या खाचेशीच थांबली होती.

लोकेश खुर्चीत बसला. फळीवरून बोट फिरवत म्हणाला, "पाच वर्षं मी उधन्यात कापडाचे ताके मोजले. शेठ सांगायचा, शेवटच्या धाग्यापर्यंत माप धर, वीतभर कापड सुटलं तर पगारातून कापीन. इथे पहिल्या दिवशी फळी हातात दिली. मासा मोजायचा म्हटल्यावर मीही शेवटच्या टोकापर्यंतच..."

"म्हणजे नियम खाचेपर्यंतच्या मापाचा, आणि तुमचा प्रत्येक मासा चार सेंटीमीटर जास्त."

"म्हणजे पिल्लं मोठी म्हणून लिहिली मी. केव्हापासून, कोण जाणे."

पंखा घरघरत होता. त्या दिवसाचा कागद टाइपरायटरमध्ये अर्धवट अडकला होता. तो तसाच पुरा केला असता तर कुणाला काही कळलं नसतं. जूनपर्यंत हंगाम चालला असता, शिफारस झाली असती, आणि रोज चार वाजले असते. निशाला हे सगळं दिसत होतं. त्याला दिसत नसेल, असं थोडंच?

"आज टाइप करू नका," तो उठत म्हणाला. "उद्यापर्यंत थांबा."

"उद्या काय?"

तो फळी उचलून निघून गेला. त्या रात्री निशा जेवली नाही. बंदीची भीती एका बाजूला आणि दुसरी एक भीती त्याहून मोठी... तो उद्या येऊन म्हणेल, जाऊ द्या, टाइप करा. आणि तसं म्हणाला, तर चार वाजण्याची वाट बघणं आपल्याला जमेल का?

दुसऱ्या दिवशी तो चारच्या ऐवजी दोनला आला. शर्ट घामाने भिजलेला. शंभर मासे त्याने दोन्ही मापांनी मोजले होते, टोकापर्यंत आणि खाचेपर्यंत. खाचेपर्यंतच्या मापात शंभरातले एकसष्ट चाळीसच्या आत होते. खाली त्याने आपल्या अक्षरात लिहिलं होतं : आधीची सर्व मापं माझ्या चुकीमुळे जास्त आली आहेत.

"आता टाइप करा," तो म्हणाला.

तिने टाइप केलं. शेवटच्या ओळीला तिची बोटं दोनदा चुकली.

मंडळीचे प्रमुख धनसुखभाई टंडेल कागद वाचून लालबुंद झाले. "अरे भाई, आ शुं कऱ्युं तें? काय करून बसलास हे? दीड महिना आम्ही पिल्लं मारली? आणि आता ऐन हंगामात होड्या बांधून ठेवू?"

"हो," लोकेश म्हणाला. "नाहीतर पुढच्या वर्षी बांधायलाही कारण उरणार नाही."

सोमवारी, बावीस एप्रिलला, बंदी लागली. मोजायला मासा नाही, म्हणजे मोजणाराही नको. शिफारशीचं कुणी नाव काढलं नाही. लोकेशने फळी धुऊन, पुसून निशाच्या टेबलामागे उभी केली.

"आता?" तिने विचारलं.

"कडोदऱ्याला एका युनिटमध्ये ताके मोजायचं काम आहे. ते मला येतं."

"माझ्यामुळे झालं हे सगळं."

"तुमच्यामुळे कळलं," तो म्हणाला. आणखी काही म्हणणार होता... पण मंगलाबेन चहा घेऊन आल्या, आणि तो गेला.

पुढचे आठ दिवस चार वाजत राहिले. निशाने हात धुताना एकदा वास घेऊन पाहिला. नुसता साबणाचा होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने चौकात उधन्याची बस पकडली. आज बस जवळजवळ रिकामी होती. खिडकीशी लोकेश बसला होता, केसांत कापसाचे तंतू, शर्टाला कापडाच्या खळीचा वास.

इतक्या रिकाम्या जागा सोडून निशा त्याच्या शेजारी बसली.

"कडोदऱ्याहून उधन्याला जाताना चौक लागतो?" तिने समोर बघत विचारलं.

"नाही लागत. स्टेशनवरूनच वळायचं असतं."

"मग?"

"मग काय... सवय आहे ना. टोकापर्यंत आलो."

बस निघाली. निशा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रोज येणार?"

"तुम्ही उठायला सांगेपर्यंत. पण एक सांगून ठेवतो, या वेळी मोजून आलोय. चूक नाही." तो थांबला. "मला तुम्ही आवडता. बंदी लागायच्या आधीच सांगायला हवं होतं... पण तेव्हा वाटलं, शिफारस मिळाली की सांगू. आता शिफारस नाही. ताके मोजणारा माणूस आहे मी. विचार करून सांगा."

कंडक्टर आला. निशाने सुटे पैसे पुढे केले.

"दोन उधना," ती म्हणाली. मग खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रविवारी घरी या, लोकेश. बाबांना सुट्टी असते. आणि आईने विचारलं तर तो माशाचा वास कुणाचा होता ते तुम्हीच सांगा."

लोकेशने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या नावापुढचं भाई गाळलं होतं. स्टेशन मागे पडलं तरी तो कान चोळतच राहिला.