बशीचा गुन्हा, दहापैकी दहा

पौर्णिमा वसाहतीत गुन्हेगार एकच होता, आणि ते केतकीचे आजोबा होते.

ही वसाहत चंद्रावर होती. भल्यामोठ्या पारदर्शक घुमटाखाली तीनशे माणसं, एक शाळा, एक भाजीचा मळा, एक भोजनगृह आणि सात समित्या. चोऱ्या होत नसत, कारण चोरलेलं नेणार कुठे? घुमटाबाहेर हवासुद्धा नाही. मारामाऱ्याही होत नसत. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच असतं. त्यामुळे कुणी गुद्दा मारला, की मारणाराच मागे उडून लिंबाच्या झाडात अडके, आणि मार खाणाऱ्यालाच शिडी आणून त्याला उतरवावं लागे. असं एकदोनदा झाल्यावर लोकांचा त्यातला रस गेला.

अशा या सज्जनांच्या वसाहतीत भास्करराव बोंद्रे, निवृत्त समाजशास्त्रज्ञ (माणसं एकत्र राहताना कशी वागतात याचा अभ्यास करणारे), यांच्यावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला होता. तोही दोनदा.

गुन्हा असा : भोजनगृहात सर्वांदेखत चहा बशीत ओतून फुर्रर्र आवाज करत पिणे.

आणि काल त्यांनी तिसऱ्यांदा बशी उचलली.

"बाबा, कप होता ना समोर!" केतकीची आई कपाळावर हात मारून म्हणाली. "कपाला चांगला कानसुद्धा होता!"

"होता गं. पण कपातला चहा गरम असतो."

"मग थांबायचं जरा!"

"थांबलं की गार होतो," आजोबा म्हणाले. "शिवाय इथे चहा बशीत कसा पडतो पाहिलंयस? मधासारखा, सावकाश. बघता बघता हात आपसूक पुढे जातो."

आई आजोबांचे स्वेटर बॅगेत भरू लागली. वसाहतीच्या सनदेत (सगळ्यांनी मान्य केलेल्या मूळ नियमांत) स्पष्ट लिहिलं होतं : दहापैकी दहा गुणांचा गुन्हा तीनदा केला, की पुढच्या यानानं पृथ्वीवर रवानगी. आणि डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं होतं, की आजोबा एकदा पृथ्वीवर उतरले की या वयात तिथून पुन्हा उड्डाण करणं त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. म्हणजे गेले की गेलेच. सुनावणी उद्या संध्याकाळी होती.

केतकीला एक गोष्ट काही केल्या कळेना. आजोबा गेल्या वर्षीही बशीतूनच चहा पीत होते. उलट तेव्हा वसाहतीच्या अध्यक्षा धारपकाकू स्वतः म्हणाल्या होत्या, "घ्या ना बोंद्रे, अजून अर्धा कप!" मग याच फुरक्याचा यंदा भयंकर गुन्हा कसा झाला?

"छान प्रश्न आहे," आजोबा म्हणाले. "बशी तीच, चहा तोच. मी तर बदलण्याच्या पलीकडे गेलोय. मग बदललं काय?"

"तुम्ही शास्त्रज्ञ ना? तुम्हीच सांगा."

"मी आरोपी आहे, केतके. शास्त्रज्ञानं शोधलं की त्याला संशोधन म्हणतात, आरोपीनं शोधलं की बचाव. तेव्हा तूच शोध."

केतकी तडक तारतम्यकडे गेली. तारतम्य हा वसाहतीचा न्यायाधीश. तो यंत्रमानव होता. उंच, राखाडी, पोटावर हिरवा दिवा. तो दमत नसे, चिडत नसे आणि मुख्य म्हणजे कुणाचाही मेहुणा नव्हता, म्हणून लोकांनी त्याला नेमलं होतं.

"नमस्कार, कुमारी केतकी. आपल्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे."

"तोही गुन्हा आहे का?"

"दोन गुण. अजून काळजीचं कारण नाही."

"मग आजोबांच्या फुरक्याला दहा कसे?"

"या महिन्यातलं सर्वांत वाईट वर्तन तेच आहे. सर्वांत वाईट वर्तनाला दहा गुण, बाकीच्यांना त्याच्या खालोखाल. सनदेतलं पहिलं कलम."

"गेल्या वर्षी फुरक्याला किती होते?"

"तीन."

"मग तेव्हा दहा कशाला होते?"

"जेवणाच्या रांगेत मध्येच घुसणे. शिक्षेच्या धाकानं ते बंद झालं."

"त्याच्या आधी?"

"मोठ्यानं भांडणे. तेही बंद झालं."

"आणि अगदी सुरुवातीला?"

तारतम्यचा हिरवा दिवा क्षणभर मंद झाला. "हवाकुलूप (घुमटातून बाहेर जाण्याचं दुहेरी दार) न तपासता उघडणे. सगळी हवा बाहेर गेली असती. सर्व रहिवाशांचा जीव धोक्यात आला होता."

"बाप रे! मग त्या माणसाला काय शिक्षा झाली?"

"सनद त्याच दिवशी लिहिली गेली. दहा गुण. असं पुन्हा दोनदा केल्यास पृथ्वीवर रवानगी."

"आणि बशीला?"

"दहा गुण. असं पुन्हा दोनदा केल्यास पृथ्वीवर रवानगी. मी भेदभाव करत नाही."

केतकी घरी आली ती डोकं खाजवतच. काहीतरी चुकत होतं, पण बोट नेमकं ठेवता येत नव्हतं. तारतम्यनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. एक बेरीजही चुकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत कवायत होती. बाई उंचीप्रमाणे रांग लावत होत्या. रांगेच्या टोकाला नेहमी ऋत्विज उभा असे, पण त्याचं कुटुंब मागच्याच यानानं पृथ्वीवर परतलं होतं.

"केतकी, तू जा टोकाला," बाई म्हणाल्या. "तू सर्वांत उंच ना!"

"अगं लंबू!" पुढून कुणीतरी ओरडलं.

केतकी टोकाला जाऊन उभी राहिली. गेल्या आठवड्यापर्यंत तिला कुणी लंबू म्हटलं नव्हतं. ती एका रात्रीत वाढलीही नव्हती, फ्रॉक तोच होता आणि नीट बसत होता. मग ती उंच कशी झाली?

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं जागच्या जागी उडी मारली. चंद्रावर असं करायचं नसतं. खाली यायला तिला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कवायत संपली.

"आजोबा!" ती धापा टाकत घरात शिरली. "फुरका मोठा झालाच नाही! त्याच्यापेक्षा मोठे गुन्हे रांगेतून निघून गेले, म्हणून तो टोकाला आला! रांग बदलली!"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"केतके, दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं अगदी हेच मांडलं. तो म्हणाला, समजा एक मठ आहे आणि त्यात एकजात साधू राहतात. तिथे चोरी नाही, खून नाही. मग तिथे गुन्हे संपतील का? नाही. तिथे प्रार्थनेत जांभई देणं हाच मोठा गुन्हा ठरेल, आणि आपण चोराकडे बघतो तसे ते साधू जांभई देणाऱ्याकडे बघतील."

"म्हणजे गुन्हा हा जांभईत नसतोच?"

"सगळा नसतो. समाजाला न रुचणाऱ्या वागण्याला आम्ही विचलन (ठरलेल्या वाटेवरून ढळणं) म्हणतो. पण ढळणं कुणी ठरवायचं? आधी कुणीतरी वाट आखावी लागते. आपण सगळे मिळून ती आखतो, आणि मग आपणच आखली हे विसरतो. आपल्याला वाटतं ती चंद्राबरोबरच आली."

"मग शिक्षा तरी कशाला असते?"

"गुन्हेगाराला सुधारायला, असं आपण म्हणतो. मी सुधारलो?"

"नाही."

"अजिबात नाही. पण माझी सुनावणी झाली की भोजनगृहात गर्दी बघ! सगळे एकमेकांना सांगतात, बाई बाई, बशीतून! आपण नाही हो असे! शिक्षा जितकी माझ्यासाठी असते, तितकीच त्यांच्यासाठी. आपली रेघ कुठे आहे, हे त्यांना पुन्हा एकदा एकत्र बघायचं असतं. त्यात वाईट काही नाही. फक्त रेघ बघताना रेघेखाली कोण सापडलाय, तेही बघावं."

"हे तुम्ही आज सांगा ना सगळ्यांना!"

"मी सांगितलं तर बचाव होईल," आजोबा बॅगेकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच जरा बारीक झाला होता. "तू विचार. विचारायला कुणाची बंदी नाही."

संध्याकाळी भोजनगृह खचाखच भरलं. धारपकाकू बोलायला उभ्या राहिल्या.

"व्यक्तिशः मला काहीच म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पाऊण तास बोलल्या. बोंद्रे हे सज्जन गृहस्थ आहेत, पण आज बशी, उद्या काय, असा एकूण आशय होता. लोकांनी माना डोलावल्या. यान बाहेर तळावर उभंच होतं.

"कुणाला काही विचारायचं आहे?" तारतम्यनं विचारलं.

केतकीनं हात वर केला. "आजोबा गेल्यावर पुढच्या महिन्यात दहा गुण कशाला?"

"उरलेल्यांतल्या सर्वांत वाईट वर्तनाला."

"ते कुठलं?"

"आजच्या निरीक्षणानुसार," तारतम्य शांतपणे म्हणाला, "व्यक्तिशः काहीच म्हणायचं नसताना पाऊण तास बोलणे."

धारपकाकू खाली बसल्या.

"आणि काकू गेल्यावर?"

"तेलकट हातानं दाराची मूठ धरणे."

मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हात खिशात घातले.

"असं किती दिवस चालेल?"

"शेवटी एकच रहिवासी उरेल. तो स्वतःशी बोलतो. दहा गुण."

"तोही गेला, की मग?"

"मग मी," तारतम्य म्हणाला आणि थांबला. तो असा कधीच थांबत नसे. "चालताना माझ्या डाव्या गुडघ्याचा आवाज होतो. मला तीन वेळा चालावं लागेल. त्यानंतर यान लागेल."

आधी एक लहान मूल हसलं, मग त्याची आई, आणि मग घुमट दुमदुमला. धारपकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"हसण्यावारी नेऊ नका. मग काय, नियमच नकोत? रेघ सरकते म्हणून रेघच पुसायची?"

"नाही हो, पुसू नका!" आजोबा चटकन म्हणाले. "हवाकुलपाचा नियम होता म्हणून आज आपण श्वास घेतोय. आणि रेघ सरकते ती दरवेळी वेड्यासारखीच सरकते असंही नाही. माझ्या आजोबांच्या शाळेत मास्तर छडीनं हात सुजवायचे. त्याला तेव्हा शिस्त म्हणत. आज त्याला गुन्हा म्हणतात. रेघ सरकली, आणि फार चांगलं झालं."

"मग चांगली सरकली की वाईट, हे ओळखायचं कसं?" काकूंनी विचारलं. आता त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजोबांनी केतकीकडे पाहिलं. केतकीनं विचार केला.

"कुणाला लागलं, ते विचारायचं," ती म्हणाली. "छडीनं हाताला लागतं. हवाकुलपानं सगळ्यांचाच जीव गेला असता. फुरक्यानं…" ती अडखळली. "काकू, तुम्हाला फुरक्यानं काय होतं?"

"अंगावर काटा येतो," काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"मग तेवढंच मोजायचं. काट्याएवढं. आणि मोजपट्टीवरच्या खुणा आधी कोरून ठेवायच्या. दहा म्हणजे हवाकुलूप, कायमचं! दर महिन्याला रबरासारखी ताणायची नाही."

मतदान झालं. सनदेचं पहिलं कलम बदललं. तारतम्यनं नव्या मोजपट्टीवर पुन्हा हिशेब केला. "फुरका : शून्य पूर्णांक तीन दशांश. शिक्षा तितकीच. आरोपीनं यापुढे बशी भोजनगृहाच्या टोकाच्या टेबलावर घ्यावी. यान रिकामं जाईल."

केतकीची आई उठली आणि स्वेटर कपाटात ठेवायला गेली.

पुढच्या आठवड्यात टोकाच्या टेबलाला खुर्च्या कमी पडू लागल्या. फुरक्यांचा कोरस थेट मळ्यापर्यंत ऐकू जाई. त्यावर विचार करायला आठवी समिती नेमली गेली. अध्यक्षपद धारपकाकूंनी घेतलं आणि पहिल्याच बैठकीत व्यक्तिशः काहीही म्हणायचं नसताना त्या फक्त दहा मिनिटं बोलल्या.

बैठक चालू असताना केतकी आणि आजोबा घुमटाच्या काठाशी बसले होते. वर काळ्या आकाशात निळी पृथ्वी होती. चंद्रावरून पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही, एकाच जागी टांगल्यासारखी राहते आणि तिथल्या तिथे वाढते, घटते. आज ती अर्धी होती.

"आजोबा, तिथेही मोजपट्ट्या असतील ना? कोर्टात, शाळेत, घराघरात?"

"शेकडो. आणि लोकांना वाटतं त्या दगडात कोरल्यात."

"त्या कोण तपासतं?"

"तपासणारे आहेत, पण काम फार आहे. माणसं कमी पडतात." आजोबांनी बशी ओठांशी नेली आणि बशीवरून केतकीकडे पाहिलं. "तुझं शिक्षण होईतो तिथे जागा नक्की रिकामी असेल. तू परत उडू शकतेस. तुझं हृदय भक्कम आहे."

केतकी पृथ्वीकडे बघत राहिली. इतक्या लांबून तिच्यावर एकही रेघ दिसत नव्हती. जवळ जाऊन शोधावी लागणार होती.

मागून कर्रर्र, कर्रर्र असा आवाज आला. तारतम्य येऊन शेजारी उभा राहिला.

"कुमारी केतकी, नव्या मोजपट्टीवर माझा गुडघा मी मोजला. शून्य. कुणालाही लागत नाही."

"अभिनंदन!"

"आभारी आहे." हिरवा दिवा एकदा लुकलुकला. "तरीपण थोडं तेल मिळालं असतं, तर बरं झालं असतं. मला लागतं."