जाग आल्यावर समोर कोण?

“मेल्यानंतर आपला देह गोठवून ठेवावा, असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?”

कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेल्या तरुणाचा कप ओठांपाशीच थांबला. त्याने समोर वही उघडून बसलेल्या मुलीकडे पाहिलं, वळून आपल्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“अजून तरी नाही वाटलं,” तो म्हणाला. “पण तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारताय, तर… करतो विचार.”

तिचे कान तापले. “तुम्ही मुलाखतीसाठी नाही आलात?”

“मुलाखत माझ्या आत्याची. मी नुसता आणून सोडायला. ती बघा, केक निवडतेय. तिला दोन केकमधून एक निवडायला अर्धा तास लागतो. घाईनं ठरवलं ते फक्त हे गोठायचं!”

शेवटच्या वाक्यातलं हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, हे तिला दिसलं. तसं नीटसं काहीच दिसत नव्हतं म्हणा. चष्म्याची काडी सैल झाली होती आणि चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. तिने चौथ्यांदा तो वर ढकलला, तेव्हा त्याने न राहवून हात पुढे केला.

“द्या इकडे. माझं चष्म्याचं दुकान आहे. मला हे बघवत नाही.”

खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर निघाला. चष्म्याविना तो समोर नुसता धूसर निळा शर्ट झाला… आणि मग चष्मा डोळ्यांवर चढवताना त्याची बोटं तिच्या कानामागे क्षणभर थांबली. काडी नीट बसलीय का, एवढंच तो पाहत होता. पण तिच्या छातीत उगीचच धडधडलं.

ती विद्यापीठात संशोधन सहायक होती. मेल्यावर देह अतिथंड करून जपायचा, पुढेमागे विज्ञानाला वाट सापडली तर पुन्हा जागं व्हायचं, अशी आशा धरणारी माणसं असतात तरी कोण? काय शिकलेली, कशावर विश्वास ठेवणारी, कशा घरातली? हे शोधायचं तिच्या सरांनी तिच्यावर सोपवलं होतं. सगळे गर्भश्रीमंत नाहीतर चक्रम भेटतील, अशी तिची समजूत. भेटले ते एक टॅक्सीचालक, एक दंतवैद्य, एक जुळी बहीण गमावलेली गायिका. आणि आता ही निवृत्त भूगोल शिक्षिका, हातात दोन्ही केक घेऊन.

“मरणाची भीती वाटते का?” तिने विचारलं.

“छे गं! भीती कसली?” आत्या केक तोडत म्हणाल्या. “जेवण बेचव असतं तर ताट केव्हाच सारलं असतं. चव आहे म्हणून पुन्हा वाढायला सांगतेय. नाही वाढलं तरी तक्रार नाही.”

“घरच्यांचं काय म्हणणं?”

“घरचे म्हणजे हा. आईबाप गेले तेव्हा सात वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याकडे. देह जपणाऱ्या त्या संस्थेला जवळच्या नातलगाची सही लागते. हा म्हणतो, हात दुखतो. होय ना रे पिल्ल्या?”

पिल्ल्या! तिला हसू आवरेना. तो मात्र खुर्ची सरकवून बाहेर निघून गेला.

दोन दिवसांनी तो तिच्या विभागाच्या दारात उभा. “काडी सैल झाली का, बघायला आलो.”

“इतक्या लांब?”

“बरं, खरं सांगतो. आत्याला जरा समजवा ना. तुमचं ऐकेल.”

“मला मत देता येत नाही. मी फक्त विचारायचं.”

“कधीच देत नाही? कुणालाच? घरी भाजीत मीठ कमी पडलं तर?”

“तर आईला विचारते, ‘आई, मिठाबद्दल तुझं काय मत?’”

तो खळखळून हसला. मग त्याचं येणं सुरूच झालं. कधी चष्म्याची पुसणी द्यायला, कधी इथूनच जात होतो म्हणून. त्याचा रस्ता कुठल्याच अंगानं तिथून जात नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. विभागामागच्या झाडांखालून ती दोघं बसथांब्यापर्यंत चालत, आणि बस आली की पुढची बघू म्हणत.

एका संध्याकाळी तिने विचारलं, “सगळ्यांना विचारून झालं, तुम्हालाच नाही. सही करायला नक्की काय अडतंय?”

त्याने खाली पडलेलं एक पान उचललं.

“आत्याकडे आलो ना, तेव्हा मी झोपेतून दचकून उठायचो,” तो हळूच म्हणाला. “ती माझ्या उशाशी खुर्ची टाकून झोपायची. म्हणायची, डोळे उघडल्यावर पोराला ओळखीचं माणूस दिसायला हवं. आणि ती… ती उठेल तेव्हा मी कुठे असेन? कुणीच नसेल तिच्या ओळखीचं. अशा ठिकाणी मी तिला माझ्या हातानं पाठवू?”

तिचा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. “हे तू त्यांना सांगितलंयस?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिलाही कळलं नाही. त्याला कळलं. तो नुसती मान हलवून नाही म्हणाला.

“मग मला काय सांगतोस? चल.”

आत्या स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या. त्याने अडखळत, मान खाली घालून सगळं सांगितलं. आत्यांनी फडकं बाजूला ठेवलं.

“अरे वेड्या, हे होय? दर वर्षी शाळा उघडली की मी अनोळखी पोरांच्या वर्गात एकटीच शिरायचे ना? पहिल्या तासाला कोण माझं होतं? आठवड्याभरात होतात रे माणसं आपली. तिथेही होतील.”

“आणि… उठलीसच नाहीस तर?”

“तर झोपले! निवांत.” मग त्यांचा आवाज जरा ओला झाला. “तुला वाटतं, मी तुझ्यावर उपकार केले. तू यायच्या आधी मी कशी होते, विचार शेजाऱ्यांना. पोरांवर खेकसणारी, घरी येऊन भिंतींशी बोलणारी. जगणं म्हणजे दिवस ढकलणं. मग तू आलास, आणि मला सकाळ व्हावीशी वाटायला लागली. अजून जगायची ही हाव तूच लावलीस मला. आभार मी मानायचे, बाळा.”

त्याने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतका उंच माणूस, पण त्या क्षणी सात वर्षांचाच दिसला. ती दारातच थांबली. माणसांना प्रश्न विचारायचं आपलं काम तिला त्या दिवशी पहिल्यांदा वरदान वाटलं. त्याखेरीज या घराचा उंबरठा तिने कधी ओलांडला असता?

त्याने सही केली. एका दमात, हात न दुखता.

जिना उतरताना दोघांच्याही पावलांना घाई नव्हती. खालच्या पायरीवर तो थांबला.

“तू घेतलेल्या मुलाखती सरांना दिल्यास?”

“कालच. का?”

“म्हणजे आता मत द्यायला मोकळी.” तो कठड्याशी चाळा करत म्हणाला. “मला शंभर-दोनशे वर्षांनंतरचं काही कळत नाही गं. पण माझी सकाळ हल्ली तुझ्या विचारानं होते. तू मला… फार आवडतेस. उद्या संध्याकाळी, नुसतंच, काही निमित्त न काढता… भेटशील?”

तिने चष्मा काढला, उगीचच पुसला, पुन्हा घातला. आता तो तिला अगदी स्पष्ट दिसत होता. घाबरलेला, आशेनं भरलेला.

“उद्या कशाला?” ती म्हणाली. “आज काय झालं?”

आणि त्याच्या बोटांत बोटं गुंतवून तिनेच पहिलं पाऊल रस्त्यावर टाकलं.