गोदावरीचं प्रस्थान

मोबाइल ठेवा बाजूला, पोट्टेहो. नरहर माझ्या ऑफिसातला सोबती, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षीची माघातली बुधवारची रात्र, सव्वानऊ. नरहर समता कॉलनीतल्या आपल्या घरातून निघून शेजारी विनोदिनीबाईंकडे एक गाठोडं आणायला गेला. ते घेऊन दुसऱ्या दिवशी त्याला राजिमला जायचं होतं.

राजिम इथून, रायपूरहून, तासा-दीड तासावर. तीन नद्यांचा संगम, वाळूतलं जुनं देऊळ. गोदावरी, त्याची बायको, चौतीस वर्षं म्हणत होती, एकदा न्या. हा म्हणायचा, पुढच्या सुट्टीला. शेवटी त्याच्या आदल्या वर्षी एका गुरुवारचं ठरलं. गुरुवारी दक्षिणेला निघू नये, म्हणून तिने बुधवारीच प्रस्थान ठेवलं. म्हणजे खणात हळकुंड-सुपारी बांधून शेजारी नेऊन ठेवली. माणूस आदल्या दिवशीच निघाला असं धरायचं. सकाळी याला ऑफिसचं काम निघालं, जाणं राहिलं. रविवारी ती गेली. अस्थी रामटेकला नेल्या. गाठोडं विनोदिनीबाईंकडेच राहिलं, वर्षभर.

विनोदिनीबाईंनी ते हातात दिलं आणि तिथंच घुटमळल्या.

"भाऊजी, सांगू का नको... दर बुधवारी याच वेळेले ताई येतात. दाराबाहेरूनच इचारतात, हे निघाले काय?"

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमची हालत पाहून जीभच नाही उचलली."

नरहरला राग आला, रडूही आलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

पावलं नाहीत. कुत्रंही भुंकलं नाही.

मग... अगदी दाराशी...

"विनोदिनीबाई... हे निघाले काय?"

आवाज तिचाच. थकलेला.

नरहर दाराजवळ सरकला. "गोदा... उद्या. पहिल्या बसनं. नक्की."



"बरं."

नरहरनं दार उघडलं. गल्ली रिकामी.

अरे, स्कूटर दारात उभी होती! तसंच निघायचं ना! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेली ती, आणि खोड याचीच राहिली. मला अजून त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

गाठोडं उशाशी घेऊन तो झोपला. पहाटे पाचला उठला. दाराला आतून कडी. खिडक्या बंद.

गाठोडं नव्हतं.

पहिल्या बसनं तो राजिमला पोचला. घाटावर फुलं-नारळ विकणारी कमला त्याला पाहून उठलीच.

"रायपुर वाले भैया आप ही हो ना? दीदी तो रात को ही आ गईं। अकेली। बहुत देर रेत पर बैठी रास्ता देखती रहीं। फिर पानी की तरफ गईं..."

"फिर?"

कमलाने टोपलीतून अर्धा नारळ काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आपके लिए रख गईं। बोलीं, वो देर से ही आते हैं।"

नरहर तिथंच वाळूत बसला आणि लेकरासारखा रडला. त्यानंतर कुठल्याच बुधवारी कडी वाजली नाही. त्याने किती बुधवार दारात बसून काढले, ते मी पाहिलंय.

वर्ष होऊन गेलं. तो अर्धा नारळ त्याच्या देवघरात आहे. परवाच मी त्याला बोट लावून पाहिलं.

खोबरं अजून ओलं आहे.