खरवडलेला माणूस

बातमीच्या छायाचित्रात कोणीही कॅमेऱ्याकडे पाहता कामा नये, हा आबासाहेबांचा सिद्धान्त होता; आणि त्यासाठी सात रस्ता चौकातल्या आपल्या स्टुडिओत ते आल्यागेल्याशी तासतासभर वाद घालीत. भिंगाकडे पाहणारा माणूस घटनेतून बाहेर पडतो, असे ते म्हणत. मग उरते ती नुसती तसबीर.

१९३४च्या उन्हाळ्यात संपकरी गिरणी कामगारांची सभा त्यांनी पुण्याच्या एका साप्ताहिकासाठी टिपली. निगेटिव्हची काच धुऊन उजेडाला धरली, तेव्हा शेकडो चेहरे वक्त्याकडे वळलेले दिसले. एकच पटकेवाला मात्र थेट भिंगात पाहत होता.

आबासाहेबांनी बारीक पात्याने तेवढा माणूस काचेवरून खरवडून काढला. दिवेलागणीला काम संपले. छापावर त्याच्या जागी काळसर सावली उतरली. चित्र निर्दोष झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरम्मा नावाची कामगारीण दारात उभी राहिली.

"सायेब, सबेचा फोटो दावा की. आमचं मालक हरवल्यात. पोलिसास्नी त्येंचं तोंड दावते."

"कधीपासून?"

"काल सांच्याला जेवत हुते. म्या दिवा लावाय वळले, मागं बगते तर ताट तसंच. दार आतनं लावल्यालं की वो!" ती किंचित हसली. "तुमच्या डब्याकडंच बगत उबा ऱ्हायलो म्हनत हुते. पेपरात येनार म्हनून लई मिरवलं."

छाप पाहताच तिचे बोट एका चेहऱ्यावर टेकले आणि शेजारच्या सावलीवर सरकून थांबले.

"हे तिप्पण्णा भावजी. त्येंच्या खांद्याला खांदा लावून हितंच हुते."

वादात कधी न हरलेले आबासाहेब ती काच काढून घेऊन आले. मग म्हणाले, "मी पुसला. चित्र बिघडत होते."

"चित्र?" गौरम्मा खाली बसली. "मग घाला की परत."

ती सांगत गेली, ते शिसपेन्सिलीने काचेवर रेखीत गेले. पसरट नाक. भुवईवरचा व्रण. बाहेर ऊन पाण्यासारखे हलत होते. टांग्यांचे घुंगूर फार खोलातून ऐकू येत होते. खोलीत हळूहळू कापसाच्या तुसाचा आणि घामाचा वास भरला.

दोघांनीही मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली.

"आले?"

"आले. म्या दिवा लावून वळले, तर पाटावर बसल्याले."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मग?"

"सायेब, पापण्या काडायच्या ऱ्हायल्या का वो? डोळं मिटतच न्हाईत. धाकटी पोर रातभर त्येंच्या डोळ्यांवर तळहात धरून बसलीया."