सारंगखेड्याहून आणलेली चाल

मला घाबरवायचं तर रात्री गाठायला हवं, असं मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता सांगत नाही. हे सगळं भर दुपारी सुरू झालं, घोड्यांच्या बाजारात, जिलबीच्या तळणाच्या वासात, माणसांच्या गर्दीत.

मी सुसाना. नवापूरकडच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावरून नाटक शिकायला नंदुरबारला गेलेली पहिली मुलगी. त्यामुळे घरात माझं कौतुक कमी आणि काळजी जास्त. आई म्हणायची, "भाषणं पाठ करायला एवढ्या लांब कशाला जायचं?" तिला काय सांगणार? आमच्या नव्या नाटकात भाषण मुळीच नव्हतं. जागृती मॅडम शरीरनाट्य बसवत होत्या. संवाद नाहीत, नेपथ्य नाही, मंचावर फक्त आमची अंगं. नाटकाचं नाव 'बाजार', आणि प्रयोग सारंगखेड्याच्या यात्रेतच ठरला होता.

त्यासाठी मॅडमनी दिलेलं काम सोपं होतं. यात्रेत जायचं, एक माणूस निवडायचा, त्याच्या मागून चालायचं आणि त्याची चाल उचलून आणायची. "चेहऱ्याकडे बघू नका," मॅडम म्हणाल्या, "चेहरा फसवतो. पाय बघा."

मी एक बाई निवडली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, डाव्या पायात काहीतरी खोट. टाच टेकवायची नाही, चवड्यावर भार द्यायचा, आणि थोडं पुढं गेलं की थांबून तो पाय हलकेच झटकायचा. उजवा खांदा खाली, जणू हातात पाण्याची बादली आहे. हात मात्र रिकामे होते. मी हरखूनच गेले. अशी चाल शोधून सापडत नाही.

घोड्यांच्या रांगांमधून मी तिच्या मागं निघाले. आधी मला जमेना. मग खांदा जमला, मग चवडा. तेव्हाच मला एक गोष्ट दिसली, पण मी तिचा विचार केला नाही. माझी चाल जसजशी बरोबर येत होती, तसतशी त्या बाईची सुधारत होती. तिची टाच टेकायला लागली. खांदा वर आला. तापीच्या उतारापर्यंत गेलो तेव्हा ती भराभर, हलकी चालत होती आणि मी मागं लंगडत होते. चपलेतला खडा निघाला असेल, असं मी म्हटलं. शेवटच्या वळणावर तिनं मागं बघावं असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. मीही परतले, कारण माझं काम झालं होतं.

तालमीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मला नाटकाच्या मध्यावर ठेवलं. शरीरनाट्यात एक शिस्त असते. शिट्टी वाजली की घेतलेलं सगळं सोडायचं, सरळ उभं राहायचं, आपलं अंग आपल्याला परत. आम्ही त्याला 'शून्य' म्हणतो. पहिल्या दिवशी शून्यावर यायला मला थोडा वेळ लागला. नंतर जास्त लागायला लागला. होस्टेलच्या जिन्यात, मेसमध्ये ताट घेऊन जाताना, माझी टाच आपोआप उचलली जायची. मैत्रिणी म्हणायच्या, "बस झालं गं, आता काय बक्षीस हवंय का?" मी हसायचे. मग खोलीत जाऊन टाच हातानं दाबून जमिनीला टेकवायचे.

माझ्या वर्गातला जेठ्या मात्र हसला नाही. तो डोंगरातल्या काठी गावाकडचा, पावरा आदिवासी घरातला. तालमीनंतर माझ्या शेजारी बसून म्हणाला, "आमच्याकडे होळीला माणसं अंगाला राख लावून, टोप घालून नाचतात. मजा म्हणून नाही. आधी दिवसचे दिवस पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, अंघोळ करत नाहीत. आणि झालं की नदीवर जाऊन ते रूप उतरवतात. उतरवल्याशिवाय घरात येत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. तू घेतलीस ती उतरवणार कुठं, एवढंच विचारतोय."

"शिट्टीवर," मी म्हणाले. माझे काका आमच्या चर्चचे पास्टर; त्यांच्या पुतणीनं असल्या गोष्टींना भ्यायचं नसतं, असा माझा हट्ट होता.

प्रयोगाच्या संध्याकाळी यात्रेतल्या मंचासमोर बायाबापड्यांची ही गर्दी. ढोल थांबला आणि आम्ही चालायला लागलो. कुणी दलाल, कुणी फुगेवाला, कुणी दारू प्यालेला घोडेवाला. लोक हसत होते. मी मंचाच्या मध्यावर आले आणि हसणं थांबलं. फळ्यांवर माझ्या पायाचा आवाज तेवढा ऐकू यायचा. एक टप, एक घसट, थांबणं, झटकणं.

शिट्टी वाजली.

सगळे सरळ उभे राहिले. मी चालतच होते. मी पायाला सांगत होते, थांब... थांब ना... पाय ऐकत नव्हता. शिट्टी पुन्हा वाजली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, काय अभिनय आहे! एवढी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते. शेवटी जेठ्यानं मला कमरेला धरून विंगेत ओढलं.

तिथं एक म्हातारी उभी होती. गावातलीच, फुलीबाई, कुणीतरी सांगितलं. तिनं माझं तोंड पाहिलंच नाही. खाली बसून माझा डावा पाय दोन्ही हातांत धरला.

"हाई चाल तू कोठेन आनी व पोर?"

"यात्रेतून, आजी. एक बाई चालत होती..."

"कोनी बाई नही. हाई मन्ही सूननी चाल शे. चुल्हावर तिन्हा पाय जयना व्हता." भाजलेला पाय जपून धरावा तसा तिनं माझा पाय धरला होता; तिचे हात थंडगार होते. "तापीवर पानी लेवाले गयी, ती परत उनीच नही. सापडनी बी नही."

फुलीबाई माझ्या टाचेवर अंगठा फिरवत राहिली.

"माहेरनी आस व्हती व तिले. रोज म्हने, ह्या पायवर माहेरले कशी पोचू..." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आते तिले चांगला पाय भेटनात. तुन्हं माहेर कोठे शे, पोर?"

मी सांगितलं नाही. जेठ्या मला तिथून घेऊन गेला.

मॅडमनी स्नायूवर ताण आल्याचं निदान केलं. "नाताळ आलाच आहे. घरी जा, आईच्या हातचं खा, आठवड्यात ठीक होशील." मलाही तेच हवं होतं. आईनं मला उंबऱ्यात पाहावं, चार शिव्या घालाव्यात, पायाला तेल लावावं. माझं अंग मला ओळखू येत नव्हतं. तिला येईल, याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी मी नवापूरची बस धरली.

फाट्यावर उतरून पुढं पायवाट. नेहमी मी ती धावत जाते. त्या दिवशी दर थोड्या अंतरावर थांबून पाय झटकत गेले. ऊन छान होतं, शेतात तूर कापायची घाई चालली होती, घराघरांवर नाताळचे तारे टांगलेले. वाटेत आमच्या शेजारचा दगाकाका भेटला. मी हाक मारली. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि वाट सोडून बाजूला उभा राहिला. मी मोबाईलच्या काचेत तोंड बघितलं. तोंड माझंच होतं.

आई अंगणात पाठमोरी बसून तांदूळ पाखडत होती. मला रडूच फुटलं. मी अंगणात पाय टाकला, टप, घसट, आणि तिचं सूप थांबलं. पण ती वळली नाही.

"कोण आलंय? आवाज करू नका हं. आमची सुसाना आत निजलीय. सकाळीच आली, चालून चालून दमलीय पोरगी."

"आई..."

ती वळली. माझ्याकडं नीट पाहिलं तिनं, डोळ्यांत डोळे घालून. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती. दारात आलेल्या परक्या माणसाकडं ती बघते तेवढीच माया होती. मग तिची नजर खाली गेली, माझ्या डाव्या पायावर थांबली, आणि तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पायाला काय झालं गं? बस, सावलीत बस. पाणी देते." उठता उठता तिनं विचारलं, "कुणाच्या घरची तू, बाई?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत, सारवलेल्या जमिनीवर, दोन पाय खाली टेकले. हलकी, भराभर पावलं दाराकडं यायला लागली, आणि ती ऐकून आईचं तोंड आनंदानं उजळलं.