नळीतली हवा

धम्मदीप गजभियेचा देवावर विश्वास नव्हता, भुताखेतांवर तर नव्हताच, आणि त्या वर्षीचा हिवाळा सुरू होईपर्यंत गाडीवरचाही उडाला.

गाडी डिझेलची, गडद हिरवी, सेकंडहँड. तेव्हा पुण्याला आयटीचं वारं लागलं होतं. हिंजवडीत नोकरी लागली की आधी मोबाईल, मग धायरीला फ्लॅट आणि मग गाडी, असा क्रमच ठरून गेला होता. धम्मदीपने मात्र गाडी मिरवायला घेतली नव्हती. त्याचे वडील भीमराव भंडाऱ्याकडून तरुणपणी खडकीला आले, कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. विड्या ओढून ओढून फुप्फुसं कामातून गेली होती. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर पाहुण्यासारखा आला आणि कोपऱ्यात मुक्कामाला राहिला. दर आठवड्याला एरंडवण्यातल्या हॉस्पिटलात जावं लागे आणि रिक्षातला धूर भीमरावांना सोसत नसे. म्हणून गाडी. बापाला नीट श्वास घेत हॉस्पिटलापर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम.

आणि नेमकं तेवढंच ती करेना. चालता चालता आचके द्यायची, एक्सिलरेटर दाबावा तर रुसायची आणि भर रस्त्यात बंद पडायची. डिझेलच्या नळीत हवा शिरली की असं होतं. बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि बाजूचा हातपंप अंगठ्याने दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी निव्वळ डिझेल. मग स्क्रू घट्ट करायचा. याला गॅरेजवाले ‘एअर काढणं’ म्हणतात. धम्मदीपच्या सगळ्या ऑफिसच्या शर्टांना त्या एअरचा वास लागला होता.

नारायण पेठेत शैलाताई केतकरांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं. नवऱ्यामागे त्याच ते चालवत आणि गिऱ्हाइकाची भीडभाड ठेवत नसत.

“अहो गजभिये, परत? तुम्हाला इथे एक कॉट टाकून देऊ का?”

त्यांनी फिल्टर बदलला, वॉशर बदलले, टाकीपासूनची सगळी नळी बदलली. नळीत दाबाने हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही फुगा आला नाही.

“हवा बाहेरून येत नाहीये,” शैलाताई म्हणाल्या.

“मग येते कुठून?”

“तुमची गाडी घरच्या घरी बनवते बहुतेक.” त्यांनी हात पुसले. फिल्टरपुढे त्यांनी वीतभर पारदर्शक नळी बसवली. “हे घ्या. आता निदान चोर दिसेल तरी.”

धम्मदीपचं पोट ज्या कामावर चालत होतं ते असंच होतं. सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचे, आणि दोष पुन्हा घडवून दाखवता आला तरच तो खरा मानायचा. त्याने तीच रीत गाडीला लावली. एकटा गेला, गाडी कात्रजचा घाट चढली; शिंकसुद्धा नाही. पूर्वाला, म्हणजे बायकोला घेऊन गेला, तरी नाही. बाबांना घेऊन निघाला की वडगावच्या आसपास आचका ठरलेला. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गाडी बंद पडली त्या दिवशी बाबा घरी येऊन जिना न थांबता चढत. सिलिंडरकडे ढुंकूनही पाहत नसत.

पुढे पुढे भीमराव दुपारी पार्किंगमध्ये जाऊन उभ्या गाडीतच बसू लागले. मागच्या सीटवर, काच खाली करून. “बरं वाटते तिथं,” एवढंच म्हणत.

सोसायटीचा वॉचमन धोंडिबा मूळचा धायरी गावातला. बिल्डिंग उभी होती ती जमीन एके काळी त्याच्याच भावकीची. एकदा तो डोकं खाजवत म्हणाला, “सायेब, तुमच्या गाडीपाशी भाताच्या खाचरावानी वास येतुया. पान्यात भात उभा असतुय ना, तसा. डिजेलचा न्हाई.”

“पावसाचं पाणी साचलं असेल कुठेतरी.”

“डिसेंबरात?” धोंडिबा म्हणाला.

त्या रविवारी दुपारी धम्मदीपने बॉनेट उघडलं. इंजिन बंद. किल्ली त्याच्या खिशात. बाबा नेहमीप्रमाणे मागे डोळे मिटून बसलेले. पारदर्शक नळीत पिवळसर डिझेल होतं आणि त्यात बोराच्या बीएवढा एक बुडबुडा. तो पुढे सरकला. थांबला. मागे आला. थांबला. पुन्हा पुढे सरकला.

बंद इंजिनात डिझेल हलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग बॉनेटच्या कडेने त्याने मागच्या सीटकडे पाहिलं. बाबांची छाती वर आली, थांबली, खाली गेली.

“बाबा,” तो म्हणाला, “जरा खोकता का?”

“काहून रे?”

“असंच.”

भीमराव खोकले. नळीतल्या बुडबुड्याच्या चिंध्या झाल्या आणि मग त्या पुन्हा एकत्र आल्या.

धम्मदीपने बॉनेट लावलं. दोष पुन्हा घडवून दाखवण्याची त्याची छाती झाली नाही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी ऑफिसच्या बसची वेळ झालेली असताना बाबांचा श्वास अडकला. सिलिंडर लावला तरी ओठ निळे पडत चालले. दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं. पूर्वाचे दिवस भरत आलेले, तरी ती सासऱ्यांना धरून मागे बसली. सिंहगड रोड कसाबसा पार झाला. राजाराम पुलाच्या मधोमध गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

मागे हॉर्नचा गोंगाट उठला. धम्मदीपने उतरून बॉनेट उघडलं. नळी बुडबुड्यांनी पांढरी झाली होती. त्याने स्क्रू सैल केला आणि पंप दाबला. फेस फसफसून बाहेर आला.

“धम्मदीप, थांब!” पूर्वा आतून ओरडली. “बाबा बघ कसे करतायत!”

त्याने हात काढला. मागे भीमरावांनी घशातून आवाज काढत हवा ओढली.

त्याला कळलं होतं. तरी हाडीमाशी खिळलेली सवय. खात्री करायला त्याने पंप पुन्हा एकदा दाबला.

पूर्वा किंचाळली.

त्याने हात झटकन मागे घेतला, आणि पुन्हा पुढे नेला नाही.

फेस फिल्टरवरून ओघळत होता. त्याला डिझेलचा वास नव्हता. ओल्या चिखलाचा, पाण्यात उभ्या असलेल्या धानाचा वास होता. हॉर्न वाजत होते, बस घासून जात होती, आणि तो वास पुलावर पसरत होता. नळीत बुडबुडे सावकाश येत होते, जात होते.

मागची काच खाली झाली. भीमरावांनी डोकं बाहेर काढलं. ओठांना रंग आला होता.

“धम्मा,” ते म्हणाले, “बांधीचा वास येऊन राहिला रे. आमच्या गावाकडल्या धानाच्या बांधीचा.”

खरं तर धम्मदीपला भीती वाटायला हवी होती. पण त्याला वाटलं ते वेगळंच होतं. लहानपणी बाबांचं बोट धरून विहारात जाताना वाटायचं तसं काहीतरी. पायातल्या चपला काढाव्यात आणि गप्प उभं राहावं असं. तो त्या घाणेरड्या इंजिनासमोर हात जोडून उभा होता, हे त्याला नंतर पूर्वाने सांगितलं तेव्हा कळलं.

हॉस्पिटल जवळच होतं; गाडी ढकलतच तिथवर नेली, आणि आत भीमराव चालत गेले. डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, “हा याच पेशंटचा आहे ना? या फुप्फुसांवर माणूस बोलतोय कसा?”

धम्मदीपने नारायण पेठेत फोन केला. “शैलाताई, गाडीचं राहू द्या. आहे तशी असू दे.”

“म्हणजे? चोराला पोसणार का आता?”

“हो,” तो म्हणाला.

पण घरात आता दुसरी काळजी होती. पूर्वाची तारीख जवळ येत होती, आणि धायरीतून हव्या त्या वेळी रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती दबक्या आवाजात म्हणाली, “माझ्या वेळी ती पुलावर बंद पडली तर? तू एअर काढशील?”

बाहेरच्या खोलीत भीमराव टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज बंद होता.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोणता पाना लागते रे त्या स्क्रूला?”

“तुम्हाला काय करायचंय बाबा?”

“कारखान्यात जिंदगी गेली माझी. विचारूही नाही का?” मग त्यांनी सुनेच्या ताटात आपल्या वाटणीची भाकरी वाढली. “दोघींचं जेव, पोरी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. फोनवर धोंडिबा होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

भीमराव मागच्या सीटवर होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर. उजव्या हाताचा अंगठा डिझेलने काळा झाला होता. श्वास थांबून बराच वेळ झाला होता.

बॉनेट नीट लावलेलं. स्क्रू घट्ट. पाना पुसून डिकीत जागच्या जागी ठेवलेला. पुढच्या चाकाजवळ फरशीवर एक ओला डाग, त्यावर फेस वाळत चाललेला.

पारदर्शक नळीत स्वच्छ पिवळं डिझेल होतं. एकही बुडबुडा नव्हता. धम्मदीप तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर गाडी शहाण्यासारखी वागू लागली. शैलाताई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी तिला एक फेरी मारून पाहिली. “मी काही केलेलं नाही हो,” त्या म्हणाल्या. एरवी बोलत तशा त्या बोलल्या नाहीत. पूर्वाला कळा सुरू झाल्या त्या दुपारी गाडी एका स्टार्टरला चालू झाली आणि गर्दीतून लोण्यासारखी गेली. राजाराम पूल कधी आला आणि कधी मागे पडला ते कळलंही नाही. मुलगी झाली. नाक थेट आजोबांचं.

हॉस्पिटलातून घरी न्यायच्या दिवशी ऊन छान होतं. पूर्वा बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली, बाबा बसत त्याच बाजूला. बाळ गाढ झोपेत होतं. धम्मदीप हळू चालवत होता, प्रत्येक खड्डा चुकवत.

पुलाच्या मधोमध गाडीने आचका दिला.

मग दुसरा.

थांबली.

तो उतरला. त्याने बॉनेट उघडलं.

नळीत बुडबुडे होते. मोहरीएवढे, बारीक बारीक. ते भरभर पुढे जात होते, भरभर मागे येत होते. म्हातारं माणूस असा श्वास घेत नाही.

ओल्या धानाचा वास आला.

त्याने मागे पाहिलं. पूर्वा काचेतून त्याच्याकडे पाहत होती. तिने एक हात बाळाच्या छातीवर ठेवला होता.

मागे हॉर्न वाजू लागले. एक रिक्षावाला उतरून आला, इंजिनात डोकावला आणि हसला. “एअर घेतलीय साहेब. पंप मारला की झालं, दोन मिनिटांचं काम.” त्याने अंगठा पुढे केला.

धम्मदीपने त्याचं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं असावं, कारण त्याचं हसू गेलं.

मग धम्मदीपने बॉनेट आवाज न करता लावलं आणि तो गाडीच्या मागे गेला.

“जरा हात लावता का?” तो म्हणाला. “धायरीपर्यंत ढकलत न्यायचीय.”